एक वीत माणसाची, एक वीत जमिनीची

मी एक भिंत बोलतेय. दचकू नका, अंगावर येणार नाही. इतकी वर्षं गप्प होते, कारण विटांचा आवाज माणसांच्या कानापर्यंत पोचत नाही. एकदा तर मी जीव तोडून ओरडले होते, तरी माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाईंनी मान वर करून पाहिलं नाही. का ओरडले आणि पुढे काय झालं, तेच आज सांगायचंय.

तशी मी काही बड्या घराण्यातली नाही. दोन अंगणांच्या मधली साधी विटांची भिंत. पुरुषभर उंच, गल्लीपासून मागच्या नाल्यापर्यंत लांब. माझ्या एका अंगाला सुताराचं घर, दुसऱ्या अंगाला शिंप्याचं. शिंप्याच्या पलीकडे गावातलं जुनं प्रसूतिगृह. त्यामुळे माझं सगळं आयुष्य एका बाजूला रंध्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला तान्ह्या मुलांचं रडणं ऐकण्यात गेलं. तक्रार नाही. याहून वाईट शेजार कितीतरी भिंतींच्या नशिबी येतो.

मला बांधलं ते एका गवंड्यानं. जेवायला बसला तरी भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा खिशात ठेवणारा माणूस. त्यानं या टोकाला एक खुंटी ठोकली, त्या टोकाला एक, आणि मधे दोरी ताणली. दोरी नेमकी एका अंजिराच्या बुंध्याला जाऊन भिडली.

"तोडून टाकू," सुतार म्हणाला. सुताराला झाडात फळ्याच दिसणार.

पण त्याची सहा वर्षांची मुलगी झाडावर चढून बसली होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. आईनं दटावून पाहिलं, बापानं डोळे वटारले. पोरगी ढिम्म. "झाड तोडलंत तर मी जेवणारच नाही," एवढं एकच पालुपद.

गवंडी खाली उकिडवा बसला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मालक, झाड तोडायला एक दिवस जाईल आणि हिची समजूत काढायला महिना. त्यापेक्षा भिंतच जरा पलीकडे घेऊ की."

पलीकडे म्हणजे शिंप्याच्या जागेत. शिंपी गळ्यात टेप अडकवून ही गंमत बघत उभा होता. "घ्या की वीतभर," तो म्हणाला. "वीतभर कमी पडलं म्हणून माझा काही सदरा अडत नाही."

अशी मी जन्मले. गल्लीकडून सरळ निघाले, झाडाजवळ येताच वीतभर शिंप्याच्या बाजूला सरकले, आणि मग त्या नव्या रेषेत नाल्यापर्यंत सरळ गेले. एकदम कोपरा काढला तर दिसायला ओंगळ दिसेल, म्हणून गवंड्यानं मला सावकाश वळवलं. त्या वळणातली एकेक वीट त्यानं हातोडीनं तिरकी घडवली, सांधे बारीक ठेवले, आणि वरून गिलावा करून सगळं झाकून टाकलं. हौसेनं केलेलं काम होतं ते. त्याच्या हातांची ऊब मला अजून आठवते.

पुढे एका वादळात अंजीर मुळापासून कलंडलं. बुंधा सुतारानं कापून नेला, खड्डा बुजवला. गवंडी म्हातारा होऊन गेला, शिंपी घर विकून दुसरीकडे गेला. झाडापायी भिंत सरकवली होती ही गोष्ट कुणी मुद्दाम विसरलं नाही, पण कुणी कुणाला सांगितलीही नाही.

झाडावरची ती पोरगी मोठी झाली, परिचारिका झाली, आणि तिनं सगळी नोकरी पलीकडच्या प्रसूतिगृहात काढली. लग्न केलं नाही. भावाचा मुलगा तिला आत्या म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्माला आली, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

मला मात्र लहानपणापासून एक दुखणं होतं. माझा गल्लीकडचा भाग आणि नाल्याकडचा भाग, दोघांखालची जमीन एकमेकींचं ऐकत नव्हती. वर्षानुवर्षं, कुणाला कळणार नाही इतक्या हळू, एक जमीन इकडे ओढायची, दुसरी तिकडे. अंजीर होतं नेमकी त्याच जागी माझ्या पोटात कळ यायची आणि गिलाव्याला भेग पडायची. सुताराचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाऊ, भेगा सिमेंटनं बुजवायचा आणि दर वेळी पुटपुटायचा, "गवंड्यानं काम मारून नेलं." हे ऐकलं की भेगेपेक्षा जास्त दुखायचं. त्या बिचाऱ्यानं कधी कुठलं काम मारून नेलं नव्हतं.

आणि मग एक दिवस बाई आल्या.

डोक्यावर टोपी, पायांत जाड बूट, कमरेला टेप. गल्लीत त्या खाली मान घालून चालत होत्या, एखाद्याची अंगठी हरवावी तशा. रस्त्याच्या कडेचा दगड कुठे सरकलाय ते त्यांनी पाहिलं. नळाची जोडणी पुन्हा पुन्हा कुठे फुटते ते विचारलं. एका घराचा दरवाजा चौकटीत बसत नव्हता, तो चार वेळा उघडून लावला. या सगळ्या खाणाखुणा एका रेषेत होत्या आणि रेषेच्या पुढच्या टोकाला मी. मला पाहून बाईंचा चेहरा असा उजळला की मी आयुष्यात पहिल्यांदा लाजले. वाकडी म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली होती. वाकडी म्हणून कुणाला आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"भिंत कोणत्या वर्षीची, सांगता येईल?" त्यांनी आत्याला विचारलं.

"न सांगायला काय झालं? मी शाळेत गेले त्या वर्षीची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान."

"नक्की?"

"वय लपवायचं वय गेलं माझं," आत्या म्हणाली. "चहा घेणार?"

चहा पिता पिता बाईंनी दोन तळहात एकमेकांना चिकटवून दाखवले आणि हळूच एकमेकांवरून सरकवले. "जमिनीचे दोन भाग असे घासत चाललेत. मधल्या चिरेला आम्ही भूगर्भाचा अभ्यास करणारे भ्रंश म्हणतो. तो तुमच्या अंगणाखालून जातो. दर वर्षी किती सरकतो ते कळलं, की पुढे किती मोठा भूकंप होऊ शकतो याचा अंदाज बांधता येतो."

आत्याची भाचेसून तेव्हा नुकतीच प्रसूतिगृहात कामाला लागली होती. ती दारातच थबकली. "म्हणजे भूकंप होणार?"

"तेच मोजायला आलेय," बाई म्हणाल्या.

मोजायचं कसं तेही त्यांनी सांगितलं. गावाबाहेर एक ओढा होता. तो हा भ्रंश ओलांडायचा तिथे त्याचे काठ तुटून बाजूला सरकलेले होते. तिथल्या गाळात पुरलेल्या जळक्या लाकडावरून बाईंनी गाळाचं वय काढलं होतं. किती सरकलं, किती वर्षांत सरकलं, हिशोब सोपा. हजारो वर्षांची सरासरी निघाली ती अशी, की खोल खालची जमीन दर वर्षी तांदळाच्या एका दाण्याएवढी सरकते. प्रश्न एवढाच होता की वरची जमीनही तेवढीच सरकते का.

"दार फुगून अडकलं तर काय होतं?" बाईंनी भाचेसुनेला विचारलं. "आपण ढकलत राहतो, जोर साठत राहतो, आणि मग ते एकदम उघडतं आणि आपण तोंडावर आपटतो. भ्रंश अडकलेला असेल तर तसंच. पण वरची जमीनही दर वर्षी दाणाभर सरकत असेल, तर दार अडकलेलं नाही. जोर साठत नाही. मग घाबरायचं कारण नाही."

आणि वरची जमीन किती सरकते, ते सांगायला मी होतेच. साठ वर्षांची साक्षीदार.

बाईंनी माझ्या दोन्ही टोकांना खिळे ठोकले. फार हळू ठोकले, दुखणार तर नाही ना अशा बेतानं. मग तीन पायांचं यंत्र मांडून मोजमाप घेतलं. माझं वाकडेपण भरलं दोन विती. साठ वर्षांत दोन विती, म्हणजे वर्षाला तांदळाचा एक दाणा. ओढ्यानं सांगितलं होतं अगदी तेवढंच. बाईंनी आनंदानं टाळी वाजवली. "एकास एक जुळतंय!"

तेव्हा मी ओरडले. अहो बाई, थांबा! यातली एक वीत जमिनीची आहे, पण दुसरी वीत माणसांची आहे! एका पोरीच्या हट्टासाठी, एका गवंड्याच्या मायेपोटी आणि एका शिंप्याच्या दिलदारपणामुळे मी जन्मापासूनच वीतभर वाकडी आहे! ती वीत जमिनीच्या खात्यावर मांडू नका! दार निम्मं अडकलेलं आहे!

बाई यंत्र पेटीत ठेवत होत्या. त्यांनी पेटीची कडी लावली आणि आत्याचे आभार मानून निघून गेल्या.

बातमी गल्लीत पसरली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंना बघून लोक हसून नमस्कार करू लागले. प्रसूतिगृहाची इमारत माझ्यासारखीच विटांची, शिवाय दोन मजली. तिला कोपऱ्यांत नवे खांब आणि भिंतींना लोखंडी पट्टे बसवून मजबूत करायचं ठरत आलं होतं. ते प्रसूतिगृह चालवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी बाजूला ठेवलं. त्याऐवजी नवी फरशी आणि छान फिकट रंग. "आता चकाचक करून टाकू," माझ्या कडेनं जाताना ते कुणालातरी सांगत होते. भाचेसून त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बाळंतिणींची सेवा करायची. रोज सकाळी ती डबा घेऊन निघाली की मी मनातल्या मनात म्हणायचे, नको गं जाऊस.

आता बाईंच्या लोकांची एक रीत मला फार आवडली, ती सांगते. त्यांच्यात कुणी एखादा अंदाज बांधला, की तो छापायला देण्याआधी बाकीच्यांना जागेवर बोलावतात. कशाला? तर दोष काढायला. माणसं स्वतःच्या कामातले दोष काढून घ्यायला पाहुणे बोलावतात, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. सुताराच्या घरात तर कुणी म्हटलं की खुर्ची डुगडुगते, तर दोन दिवस अबोला असायचा.

तर असे पाच-सहा पाहुणे आले. आत्यानं सगळ्यांना चहा दिला. त्यांत एक उंच, वाकलेला गृहस्थ होता. बाईंचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याचं टोपणनाव होतं 'कशावरून', कारण त्याला दुसरं काही बोलता येत नाही असं सगळे म्हणायचे. गाळाचं वय इतकं. कशावरून? लाकूड जळलं आणि लगेच गाळात पुरलं. कशावरून? आत्यानं विचारलं, "साखर कमी झाली का हो?" तर तो "नाही" म्हणाला, आणि दोघीतिघी हसून म्हणाल्या, "कशावरून?"

मग तो माझ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ. एक डोळा मिटून त्यानं माझ्या कडेनं नजर टाकली.

"ही बांधली तेव्हा सरळ होती," तो म्हणाला. "कशावरून?"

"अरे, मुद्दाम वाकडी भिंत कोण बांधेल?" बाई म्हणाल्या.

"ते मला माहीत नाही. मी विचारतोय, सरळ होती कशावरून?"

"तुझं आपलं काहीतरीच."

बाकीचे हसले. बाईही हसल्या, पण त्यांच्या हसण्यात आता जरा कमी जीव होता. आणि मी? माझ्या प्रत्येक विटेला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई एकट्या आल्या. हातात छोटी हातोडी आणि छिन्नी.

"आत्या, भिंतीचा गिलावा थोडा काढू का? नंतर नीट करून देईन."

"सोला," आत्या म्हणाली. "तिला कुठे लग्नाला जायचंय."

बाईंनी वळणाच्या जागी माझा गिलावा उतरवला. एका हातभर भागात सांधे फाटलेले, विटा कललेल्या, आणि आत्याच्या भावानं भरलेलं सिमेंट ठिकठिकाणी. हे जमिनीचं काम. पण त्याच्या शेजारीच विटा अगदी शहाण्यासारख्या बसलेल्या. सांधे बारीक, एकही भेग नाही. आणि प्रत्येक वीट एका कडेनं तिरकी घडवलेली. बाईंनी बोट फिरवून पाहिलं. एक वीट, दुसरी, तिसरी. जमीन विटांना तोडते, ओढते, मोडते. हातोडीनं घडवत नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आत्या," त्यांनी हाक मारली. "इथे पूर्वी काही होतं का?"

"कुठे?"

"या वळणाशी."

"अंजीर होतं की माझं!" आत्या म्हणाली, आणि मग तिनं सगळी गोष्ट सांगितली. झाडावर बसलेली ती, उकिडवा बसलेला गवंडी, शिंप्याची वीत. सांगताना ती हसत होती. बाई हसत नव्हत्या.

"आत्या, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही भिंतीचं वय विचारलंत. ते सांगितलं. झाडाचं कुणी विचारलं?"

बाई खाली जमिनीवरच बसल्या. वळणाकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "अंजीर इथेच असणार. भ्रंशाच्या चिरेतून पाणी वर येतं. सगळ्या अंगणात ओल असायची ती इथेच, म्हणून झाड इथेच वाढलं. आणि मी नेमकं त्याचं वळण भ्रंशाच्या नावावर मांडलं."

मग त्यांनी आत्याला आणि भाचेसुनेला सरळ सांगितलं. वरची जमीन वर्षाला अर्धाच दाणा सरकते. बाकीचा अर्धा दाणा साठतोय. ओढ्याजवळ खणलेल्या चरात जुन्या भूकंपानं तुटलेले गाळाचे थर त्यांना दिसले होते. शेवटचा मोठा भूकंप अडीचशे वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून दर वर्षीचा अर्धा दाणा म्हणजे जवळजवळ दोन हात सरकणं बाकी आहे. ते कधी होईल कुणी सांगू शकत नाही. पण झालं तर एकदम होईल.

"मग आमचं प्रसूतिगृह?" भाचेसुनेनं विचारलं.

"त्याचसाठी आता अध्यक्षांकडे जातेय," बाई म्हणाल्या. अंगावरची धूळ न झटकताच त्या उठल्या.

अध्यक्ष संध्याकाळी बाईंबरोबर स्वतःच माझ्याकडे आले. नाकावर राग होता.

"बाई, महिन्यापूर्वी तुम्हीच सांगितलंत, घाबरायचं कारण नाही. फरशी येऊन पडलीय, रंगारी उद्या येतोय. आता एक भिंत सोलली आणि तुमचं मत बदललं? उद्या फरशी उकरलीत तर आणखी बदलाल."

"बदलेन," बाई म्हणाल्या. "फरशीखाली तसं काही दिसलं तर नक्की बदलेन."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. मी चुकले, ते मीच सांगेन सगळ्यांना. तुम्ही फक्त खांबांचं काम पुन्हा हाती घ्या."

अध्यक्ष काही बोलणार तेवढ्यात आत्या पुढे झाली. "तू रे," ती म्हणाली, आणि एवढा मोठा माणूस जरा सावरून उभा राहिला. "तुझ्या वेळी डॉक्टरांनी तुझ्या आईचं पोट तपासलं आणि म्हणाले, सगळं ठीक आहे, बाळ सरळ आहे. घरी जायला निघाले होते. जिन्यात थबकले, परत आले, पुन्हा तपासलं. तू आडवा होतास. तेव्हा ते म्हणाले असते, एकदा सांगितलं ते सांगितलं, तर आज इथे फरशीच्या गोष्टी करायला तू नसतास, आणि तुझी आईही नसती."

अध्यक्ष माझ्याजवळ आले. मग त्यांनी माझ्या उघड्या विटांवर हात ठेवला, बाईंनी फिरवलं होतं तसंच बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंगाऱ्याला सांगतो, थांब म्हणून."

बाईंनी पुढे गावाच्या सभेत आपली चूक सांगितली. भाचेसून घरी येऊन सांगत होती, की काही लोक कुजबुजले, एकदोघं उठून गेले, आणि ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांनी नंतर ओळखही दाखवली नाही. बाई मात्र दर सहा महिन्यांनी यायच्या, माझे खिळे तपासायच्या, आत्याकडे चहा प्यायच्या आणि जायच्या. त्यांनी माझा गिलावा शब्द दिल्याप्रमाणे नीट करून दिला. फक्त घडवलेल्या विटांचा भाग उघडा ठेवला, आणि भाच्याला, म्हणजे आत्याच्या भावाच्या मुलाला, दाखवून म्हणाल्या, "हे गवंड्याचं काम बघा. इतका सफाईदार हात मी पाहिला नाही." ते ऐकून मला जे वाटलं ते विटांच्या भाषेतही सांगता येत नाही.

जाताजाता त्यांनी भाच्याला आणखी एक सांगितलं. भिंतीच्या सावलीत कुणी बसायचं नाही. मग त्यानं माझ्या पायथ्याशी असलेलं बाकडं उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला नेलं आणि आत्याची खुर्चीही. दुपारी आत्याची पाठ माझ्याजवळ नसायची याचं मला वाईट वाटायचं. पण मनातून मीच म्हणायचे, बस तिकडेच, बाई माझी.

पलीकडे काम वर्षभर चाललं. खणणं, ठोकणं, लोखंड. तान्ही मुलं त्या आवाजातही झोपायची. काम संपलं, अखेर रंगही लागला. पुढे काही वर्षं काहीच झालं नाही, आणि काही लोक म्हणू लागले की उगाच एवढा खटाटोप केला.

आणि मग एका दुपारी जमिनीनं आपलं राहिलेलं सगळं एकदम देऊन टाकलं.

आधी कुत्रं भुंकलं की आधी गडगडलं, आठवत नाही. माझा एक पाय एकीकडे गेला, दुसरा दुसरीकडे. साठ-सत्तर वर्षं मी स्वतःला धरून ठेवलं होतं, आता धरता येईना. मी मधोमध फाटले आणि आत्याच्या अंगणात आडवी पडले, जिथे तिची खुर्ची असायची नेमकी तिथे. खुर्ची तिथे नव्हती. आत्या घराच्या दुसऱ्या बाजूला मोकळ्या जागेत जमिनीवर बसून होती, दोन्ही हात मातीवर टेकून.

धूळ उडाली. गल्लीतला विजेचा खांब तारांसकट कोसळून आडवा झाला. कौलं पडत होती, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मग हाकाही थांबल्या. सगळे कान देऊन पलीकडे बघू लागले, प्रसूतिगृहाकडे. धुळीत काहीच दिसत नव्हतं. आत्या उठून उभी राहिली. तिची भाचेसून आत होती, वरच्या मजल्यावर, आणि एक बाई सकाळपासून कळा देत होती हे आत्याला ठाऊक होतं.

आणि त्या शांततेत वरच्या मजल्यावरून एक तान्हं बाळ रडलं. नवंकोरं, खणखणीत.

"झालं," आत्या म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. गावात घरं पडली, माणसं जखमी झाली, काही परत घरी आली नाहीत. पण प्रसूतिगृहाला एक भेगसुद्धा गेली नाही. फिकट रंगावर धूळ तेवढी बसली.

बाई आल्या त्या 'कशावरून'ला घेऊनच. माझे खिळे शोधून त्यांनी मोजलं. एका झटक्यात जवळजवळ दोन हात. दोघं माझ्या विटांवर टेकले. मग तो बाईंना म्हणाला, "चांगलं केलंस." त्यांनी नाक पुसलं आणि माझ्या एका घडवलेल्या विटेवरची माती हातानं झाडली.

आज मी भिंत नाही, विटांचा ढीग आहे. तरी मन भरून आलंय. गवंड्याचे उपकार, शिंप्याचे, झाडावर चढून बसलेल्या पोरीचे. दोष काढायला आलेल्या त्या माणसाचे. आणि सगळ्यात जास्त त्या बाईंचे, ज्यांना चुकल्यावर परत यायची लाज वाटली नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कुणी तुम्हाला "कशावरून?" विचारलं तर रागावू नका. घटकाभर थांबा आणि उठून बघून या.

गल्ली अजून विजेच्या खांबानं अडलेली आहे. त्यामुळे प्रसूतिगृहातून मोठ्या रस्त्याला जायला एकच वाट उरलीय. शिंप्याच्या जुन्या अंगणातून, माझ्यावरून, आत्याच्या अंगणात. आज सकाळी ती बाळंतीण घरी निघाली. पुढे भाचेसून, मागे नवरा, आणि तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं ते बाळ. माझ्याजवळ येऊन ती थबकली.

"विटा आहेत गं, सांभाळून," भाचेसून म्हणाली.

सगळं आयुष्य मी लोकांना अडवण्यात घालवलं. भिंतीचं कामच ते. आज पहिल्यांदा एक तान्हं बाळ माझ्यावरून पलीकडे जाणार होतं. तिनं बाळाला घट्ट धरलं आणि एक पाय उचलून माझ्यावर ठेवला.

ये बाई, निश्चिंत ये. मी हलत नाही.